बांधावरची झाडं नेमकी कुणाची?

काढल्या एकदाच्या बांधावरच्या वेड्या बाभळी. दरवर्षी सावलीनं कडेची ज्वारी खुरटायची, जी काय कणसं भरायची ती बाभळीवर मुक्कामाला असलेली पाखरं उतरून खायची, आणि ट्रॅक्टर कडेला घातला की टायर पंक्चर नाहीतर ड्रायव्हरचा कान फाटलेला. शेजारचं रान चुलत चुलत्यांचं, तात्यांचं. बांध सामाईक, म्हणून रीतीनं विचारायला गेलो, जेसीबी बोलावतोय, निम्मा खर्च उचलाल का.

तात्या तंबाखू मळत म्हणाले, "आरं झाडं तुझ्याकडं झुकल्यात, म्हंजे तुझीच की. काढ खुशाल. माझं काय म्हणणं न्हाय."

म्हणणं नाही म्हणणारा माणूस जेसीबी यायच्या आधी लिंबाखाली खुर्ची टाकून हजर. खुर्ची पण माझीच, मोटारीच्या खोलीतली. तासाला बाराशेनं मीटर पडतोय आणि हे ड्रायव्हरला हात करून थांबवतायत. "मूळ काढ मूळ! नुसती वरनं तोडली तर दुप्पट फुटंल." आता हे खरंय, ते झाड मूळचं अमेरिकेकडचं असलं तरी स्वभावानं भावकीच आहे. पण ड्रायव्हर मुळंच काढत होता हो! मग मला, "वनखात्याची परवानगी काढली का?" म्हटलं तात्या, 1964 चा वृक्षतोड कायदा आहे, त्याच्या यादीत साग, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ असली झाडं आहेत, वेडी बाभूळ नाही. "लय कायदा शिकलास," म्हणाले आणि चहा सांगितला. माझ्याच घरी.

दुपारी खोडांचा ढीग पडला तसा तात्यांचा सूरच बदलला. ढिगाभोवती फिरून एकेका खोडावर हात फिरवत म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यानं लावल्याली झाडं ही."

वेडी बाभूळ कोण लावतं का? शेळ्या शेंगा खातात, बी पचत नाही, ते लेंडीतून पडतं आणि उगवतं. बांधावर शेळ्या कुणाच्या, तर तात्यांच्या. म्हणजे फार ताणलं तर झाडं त्यांच्या शेळीनं लावली म्हणता येईल, मग वाटा मागायला तिनं यावं. हे सगळं तोंडावर ऐकवणार होतो, पण तेवढ्यात चपलेतून आरपार काटा टाचेत घुसून मोडला आणि मी एका पायावर नाचायला लागलो.

तात्या म्हणाले, "रुईचा चीक लाव. आन् निम्मं लाकूड माझ्या दारात टाक, ट्रॉली तुझीच हाय न्हवं?"

टाकलं. लंगडत टाकलं. कडेची ज्वारी बुडायची तेव्हा त्या नुकसानीत कुणी वाटा मागितला नाही, जेसीबीचे पैसे देताना कुणी फिरकलं नाही, आणि भावकीत बोलायची सोय नाही, लगेच "दोन लाकडांसाठी म्हाताऱ्याला बोलला" म्हणून गावभर होतं. वर काकूंनी ऐकवलं ते वेगळंच, काटे साळून तरी आणायचे.

आज सकाळी परत तात्या दारात. जेसीबीच्या बकेटनं बांध वीतभर खरवडलाय म्हणे, तो पण त्यांच्याच बाजूनं. सरकारी मोजणी आणणार आहेत, फी निम्मी निम्मी. म्हटलं, माझी कशाला?

"आरं, बांध काय एकट्याचा असतो व्हय?"