एकवीस दिवसांचं गणित आणि काकूचा तांदळाचा डबा

दांडिया बाजारातल्या आमच्या काकूने मोबाइल तांदळाच्या डब्यात ठेवला होता. बडोद्याच्या सगळ्या नातेवाइकांत फिरून आलेला मेसेज तिने मनावर घेतला होता: "21 दिवस मोबाइलला हात लावू नका. मेंदूतलं डोपामिन शून्यावर येतं आणि सवय कायमची सुटते. एक दिवस मोडला तर पुन्हा पहिल्यापासून मोजा. जमलं नाही तर इच्छाशक्ती कमी समजा."

नवव्या दिवशी भरूचला भाचीला मुलगी झाली. काकूने डबा उघडला, कव्हरला चिकटलेले तांदूळ झटकले, फोटो पाहिला आणि मला म्हणाली, "माझ्यात दमच नाही बघ." बाळाचा फोटो पाहून बाईला अपराधी वाटावं? हा मेसेज खोडायचा मी तेव्हाच ठरवलं.

आधी तो 21 चा आकडा. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण 21 दिवस तरी लागतात, असं निरीक्षण त्यांनी 1960 साली पुस्तकात मांडलं. कमीत कमी 21, असं त्यांचं म्हणणं. पुढे लोकांनी 'कमीत कमी' गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी वाटेल ती सवय घातली.

प्रत्यक्ष मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. 96 जणांनी 12 आठवडे रोज एक साधी गोष्ट ठरलेल्या वेळी करायची होती, जेवणासोबत फळ खाणं वगैरे. ती अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला 66. कुणाचे 18 दिवस, तर कुणाचा हिशेब 254 पर्यंत गेला. हा अभ्यास सवय लावण्याचा आहे, सोडवण्याचा नाही, म्हणून 66 हा आकडाही कुणी डोक्यात धरून बसू नये. पण त्यातली एक गोष्ट मी काकूला दोनदा वाचून दाखवली: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. 'पुन्हा पहिल्यापासून' हे मेसेज लिहिणाऱ्याच्या मनातलं.

डोपामिन हे मेंदूतल्या पेशींमधले निरोप पोचवणारं रसायन. ते शून्यावर येणं ही चांगली गोष्ट नव्हेच. ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात तेव्हा कंपवात होतो, हातपाय जखडतात. डोपामिन म्हणजे उपास करून रिकामी करायची टाकी नाही. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. अवचित रसाचा थेंब मिळाला की या पेशी जाग्या होत. पुढे रसाआधी ठरलेली खूण दिसू लागली, तशा त्या खुणेलाच जाग्या होऊ लागल्या. काकूचंही तसंच आहे. तिचा हात मेसेज वाचून नाही, 'टिंग' ऐकून फोनकडे जातो. बहुतेक वेळा 'शुभ सकाळ'च असतं, पण कधीतरी भाचीचा निरोप असतो. त्या 'कधीतरी'मुळेच सवय इतकी चिवट होते.

इच्छाशक्तीचा टोमणा मला सगळ्यात जास्त लागला. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड यांनी एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेले विद्यार्थी तपासले. भोवतालची परिस्थिती बदलली तिथे व्यायामाच्या, पेपर वाचण्याच्या, टीव्ही बघण्याच्या जुन्या सवयी मोडल्या, तशीच राहिली तिथे टिकल्या. आमच्याकडे वेगळं काय? लग्नाला पुण्याला गेली की काकू चार-चार तास फोन बघत नाही. घरी मात्र चारच्या चहाला काका झोपलेले असतात, घर शांत असतं, फोन हाताशी असतो.

आता तिचा फोन पुढच्या खोलीत, चपलांच्या कपाटावर चार्जिंगला असतो. चहा ती मागच्या ओट्यावर बसून घेते. नातेवाइकांच्या ग्रुपचा आवाज बंद केलाय, भाचीचा तेवढा चालू आहे.