शाकारून ठेवलेली गावं

परवा एडिसनमध्ये एका घरी जेवायला गेलो होतो. बोलता बोलता मी म्हटलं, या शनिवारी आम्ही समुद्रावर, ॲस्बरी पार्क गावाला जातोय. ताटं हातात घेऊन उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी एकदमच विचारलं, "आत्ता? डिसेंबरात? तिथे आता काय आहे? सगळं बंद असेल." तेव्हा भातावर वरण वाढलं जात होतं, त्यामुळे उत्तर राहून गेलं. ते इथे लिहितेय. लांब आहे, सवडीने वाचा.

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांना समुद्रकिनारा माहीत आहे तो जुलैचा. मेच्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे, या दोन सुट्ट्यांमधला. गार्डन स्टेट पार्कवेवरची रांग, पार्किंगसाठी घातलेल्या फेऱ्या, बऱ्याच गावांत वाळूत उतरण्यासाठी माणशी घ्यावा लागणारा बॅज, मुलांच्या हातातले फनेल केक, आणि संध्याकाळी गाडीत सगळीकडे वाळू. मजा येते, मीही दर वर्षी जाते. पण लेबर डे उलटला की आपण ही गावं मनातून पुसूनच टाकतो, ते मला पटत नाही. आणि मला ते कळलं आईमुळे.

आई मालवणहून पहिल्यांदा इथे आली ती ऑक्टोबरात. थंडीने तिला घरात कोंडून घातलं. जानेवारीतल्या एका सकाळी खिडकीशी बसून म्हणाली, "हयसर समुद्र खंय आसा, तो तरी दाखय गो." तिला दोन स्वेटर, वर माझा जाड कोट, कानटोपी असं सगळं चढवून आम्ही ओशन ग्रोव्हला नेलं. हे ॲस्बरी पार्कला लागूनच असलेलं गाव, मधे फक्त वेस्ली नावाचं एक तळं. १८६९ साली मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी उन्हाळी प्रार्थनामेळ्यासाठी ते वसवलं. १८९४ सालचं त्यांचं भलंमोठं लाकडी सभागृह अजून वापरात आहे आणि त्याच्या भोवती दर उन्हाळ्यात ११४ तंबू उभे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या तीच कुटुंबं त्यात येऊन राहतात. प्रत्येक तंबूच्या मागे एक छोटी लाकडी खोली असते. हंगाम संपला की कापड उतरवून घडी करून त्याच खोलीत ठेवायचं. आम्ही गेलो तेव्हा तिथे फक्त रिकामे लाकडी ओटे होते, आणि मागे कुलूप लावलेल्या बुटक्या खोल्यांची रांग.

मी आईला हे सगळं समजावत होते. ती एका ओट्यापाशी थांबली, हातमोजा काढून लाकडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे ह्येंनी पण सगळा शाकारून ठेवल्यानी."

ज्यांचं बालपण किनाऱ्यावर गेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे जूनच्या तोंडावर होड्या पाण्यातून ओढून वर घेतात आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. पडवीला झापं लागतात, बंदरावर चिटपाखरू नसतं. मुंबईचे पाहुणे फोनवर विचारतात, "पावसात काय करता हो तुम्ही तिथे?" काय करतो म्हणजे? राहतो. जाळी विणतो, होडीला तेल देतो, लग्नाच्या याद्या करतो, शाळेत जातो. आमच्या गावाचा अर्धा जीव त्या चार महिन्यांत असतो. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की पुन्हा सगळं सुरू. मालवण काही मे महिन्याच्या पर्यटकांसाठी बांधलेला देखावा नव्हे, हे आमच्यापैकी कुणालाही सांगावं लागत नाही. तरी इथे येऊन वीस वर्षं झाली आणि मी स्वतः याच नजरेने या गावांकडे पाहत होते. आईला ते दहा मिनिटांत दिसलं.

नंतर मी इथल्या बोर्डवॉकबद्दल, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या वाटांबद्दल, मिळेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की आईचा शब्द शंभर टक्के बरोबर होता. अटलांटिक सिटीतला पहिला बोर्डवॉक १८७० सालचा. त्यामागचं कारण अगदी घरगुती होतं. लोक पायाला लागलेली वाळू हॉटेलांच्या गालिच्यांवर आणि रेल्वेच्या डब्यांत आणायचे. रेल्वेत कंडक्टर असलेले अलेक्झांडर बोर्डमन आणि हॉटेलवाले जेकब कीम यांनी गावासमोर मागणी मांडली की वाळूवर फळ्यांची वाट घाला. सुमारे मैलभर लांबीची ती वाट सुट्या तुकड्यांची होती. थंडी आली की उचलायची आणि आत ठेवायची! गोव्यात पावसाआधी किनाऱ्यावरचे शॅक उतरवतात ना, अगदी तसंच. पुढे वाट कायमची झाली, रुंद झाली, तिच्यावर ढकलगाड्या आल्या, खाऱ्या पाण्याच्या नावाने विकली जाणारी टॅफी आली. पण मूळ कल्पनेतच हंगाम संपण्याची जागा होती.

गर्दी गेली की पोटाचं काय, हा प्रश्नही तेवढाच जुना. १९२१ साली अटलांटिक सिटीत जी सौंदर्यस्पर्धा सुरू झाली आणि पुढे मिस अमेरिका म्हणून जगभर गाजली, ती लेबर डेनंतरही लोकांनी काही दिवस गावात थांबावं म्हणूनच काढलेली होती. १९७८ पासून कॅसिनो आले, तेही बारमाही गिऱ्हाईक मिळावं या आशेने. २०१४ या एका वर्षात त्यातले चार बंद पडले. मला वाटतं, इतक्या मोठ्या खटपटी करण्यापेक्षा आसपासच्या माणसांनी हिवाळ्यात दोन-तीनदा येऊन जेवून जाणं या गावांना जास्त मानवलं असतं. अर्थशास्त्र मला कळत नाही, पण मालवणातली खानावळ कशावर चालते ते मी पाहिलेलं आहे. पाहुण्यांवर ती सजते, चालते ती रोजच्या माणसांवर.

बोर्डवॉक म्हणजे नेमकं काय, हेही मला हिवाळ्यातच पहिल्यांदा दिसलं. जुलैत पायाखाली काय आहे ते बघायला जागाच नसते. गेल्या मार्चमध्ये एका सकाळी दोन कामगार फळ्या बदलत होते. जुन्या फळ्या राखाडी, कडा झिजून गोल झालेल्या. नव्या हिरवट पिवळ्या, ओल्या लाकडाचा वास येणाऱ्या. त्यातला म्हातारा गुडघ्याला गादी बांधून बसला होता. नवी फळी ठेवायची, तिच्या आणि शेजारच्या फळीच्या मधे एक जाड खिळा आडवा धरायचा, फळी त्याला टेकवायची, स्क्रू मारायचे, खिळा काढून पुढे सरकायचं. मी विचारलं, खिळा कशाला? तो म्हणाला, तेवढी फट राहिली नाही तर पाणी आणि वाळू खाली जाणार कुठून, आणि लाकूड फुगलं की फळ्या एकमेकींना वर उचलतात. तसं म्हणून त्याने तो खिळा माझ्या मुलीच्या हातात दिला. पुढच्या दोन फळ्यांना खिळा तिने धरला. उन्हाळ्यात त्याच वाटेवरून तिने आजवर शंभर वेळा उड्या मारल्या असतील. आता ती फटीतून वाकून खाली वाळू बघते.

वाइल्डवूडला जानेवारीत गेलात तर रस्त्यावरचे सिग्नल बघा. उन्हाळ्यात ज्या चौकांत गाड्यांची रीघ असते तिथे दिवे नुसते पिवळे लुकलुकत असतात, कारण थांबवायला कुणी नसतं. पाच हजारांच्या आसपास कायम वस्तीचं हे गाव, उन्हाळ्यात ते काही लाखांवर जातं. पन्नास-साठच्या दशकांतली रंगीत मोटेलं रांगेने बंद, तरणतलावांवर ताडपत्री, आणि दारात प्लास्टिकचे माड. त्यांच्या झावळ्यांवर बर्फ साचलेलं बघून आई गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "कोणीतरी खऱ्या माडाची आठवण काढून लावल्यानी असतलो." १९४९ पासून धावणारी तिथली निळी-पिवळी ट्रॅम आणि "वॉच द ट्रॅम कार, प्लीज" हा तिचा आवाज हिवाळ्यात नसतो. किनारा इतका रुंद आहे की पाण्यापर्यंत जाताना दम लागतो. वाऱ्याने वाळूवर केलेल्या बारीक रेघांवर आमच्या पावलांखेरीज फक्त पाखरांची पावलं होती.

पण इथे मला एक गोष्ट नीट सांगायची आहे. ओस पडलेल्या किनाऱ्याचे उदास फोटो काढायला येणारे बरेच असतात. गंजलेले पाळणे, फाटलेल्या पाट्या, 'मृत शहर' वगैरे मथळे. मला त्याचा त्रास होतो. ॲस्बरी पार्कमध्ये कॅसिनो नावाच्या इमारतीचा सांगाडा उभा आहे. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या वास्तुविशारदांपैकी वॉरन अँड वेटमोर यांचंच ते काम, आणि आजही छाती दडपते. जरूर बघा. मात्र त्याच वेळी मागच्या गल्लीत शाळेची बस थांबलेली असते, कुणी मोटेलच्या नळांमधलं पाणी काढून टाकत असतं, म्हणजे थंडीत पाइप फुटायला नकोत. ही गावं मेलेली नाहीत. तिथली माणसं घरात आहेत, एवढंच.

त्या माणसांपैकी एक बाई आम्हाला सूप वाढायची. बोर्डवॉकपासून दोन गल्ल्या आत, शुक्रवार ते रविवार उघडं असणारं छोटं हॉटेल. तिच्याकडून मला हिवाळी भाडं म्हणजे काय ते कळलं. सप्टेंबर ते मे घर स्वस्तात मिळतं आणि मे संपायच्या आत रिकामं करावं लागतं, कारण उन्हाळ्यात मालकाला तेवढेच पैसे दोन-तीन आठवड्यांत सुटतात. ती आणि तिचा मुलगा दर उन्हाळ्यात बहिणीकडे एका खोलीत राहतात. आपण समुद्रकिनारी आठवडाभर घर घेतो तेव्हा त्या घरातून कुणीतरी नुकतंच सामान हलवलेलं असतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. आपण घर घेणं बंद करावं असं मी म्हणत नाही. पण ते कळल्यावर मी तिच्याकडे हिवाळ्यात जायला लागले, आणि हिवाळ्यात तिला टिप जास्त लागते.

अटलांटिक सिटीच्या अलीकडे एक गुजराती काका-काकी मोटेल चालवतात. जानेवारीत ते निम्म्या खोल्या बंद ठेवून स्वतः रंग लावतात. आम्ही मराठी बोलताना ऐकून काकींनी आत बोलावलं, मसाल्याचा चहा दिला, आणि आई व त्या हिंदी, गुजराती, मालवणी अशा तिन्ही भाषांत तासभर बोलल्या. उन्हाळ्यात त्यांना उभ्याने जेवावं लागतं. हा तास जुलैत मिळाला नसता.

समुद्राचा दुसरा चेहराही याच महिन्यांत असतो. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा सीसाइड हाइट्सचा रोलरकोस्टर जसाच्या तसा पाण्यात जाऊन उभा राहिला आणि पुढच्या मेपर्यंत तिथेच होता. पुढच्या सप्टेंबरात तिथेच आग लागून बोर्डवॉकवरची पन्नासहून जास्त दुकानं जळाली. केप मे नावाच्या गावात तर १९६२ च्या मार्चमधल्या वादळात लाकडी वाटच गेली, आज तिथे पक्की पायवाट आहे. पर्यटकाला हे टीव्हीवर दिसतं. ज्यांनी फळ्या पुन्हा ठोकल्या त्यांना भेटायचं तर थंडीत जावं लागतं.

आता जायचं असेल त्यांच्यासाठी. मधल्या वारी जाऊ नका, शुक्रवार ते रविवार जा, तेव्हा काहीतरी उघडं सापडतं. ॲस्बरी पार्कपासून सुरुवात करा, तिथे ट्रेनही जाते आणि वर्षभर खायला मिळतं. लहान मुलं असतील तर ओशन सिटी बरं, १८७९ पासून तिथे दारू विकली जात नाही आणि नाताळपर्यंत शनिवार-रविवारी बरीच दुकानं उघडी असतात. तिथलं वंडरलँड पिअर हे पाळण्यांचं पार्क मात्र २०२४ च्या ऑक्टोबरात कायमचं बंद झालं. बॅज लागत नाही, बऱ्याच गावांत पार्किंगचे पैसेही नाहीत. स्वच्छतागृहं अनेकदा कुलपात असतात, आधी कुठेतरी कॉफी घ्या. वारा थंडीपेक्षा वाईट, तेव्हा कान झाका. आणि शक्य असेल तर सूर्योदयाला पोहोचा. जुलैत त्यासाठी साडेपाचला किनाऱ्यावर हवं, डिसेंबर-जानेवारीत सातला पोहोचलात तरी चालतं.

आईला तो सूर्योदय शेवटपर्यंत चमत्कारिक वाटत राहिला. आमच्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो. परत जायच्या आधीच्या आठवड्यात ती रेलिंगला टेकून पूर्वेकडे बघत होती. घड्याळात बघून म्हणाली, "मालवणाक आता साडेपाच वाजले असतले. तुझो बाबा बंदरार असतलो." दोघांनाही त्या वेळी समुद्र दिसत होता.

शनिवारी पहाटे साडेपाचला एडिसनहून निघतोय. सूपवाल्या बाईचं हॉटेल अकराला उघडतं, तोवर बोर्डवॉकवर. गाडीत दोन जागा आहेत. थर्मासमधला चहा माझा, हातमोजे तुमचे तुम्ही आणा.