बिलात धरलेली टीप काढून घेऊ नका, आणि तिच्यावर पुन्हा टीपही लावू नका

क्रूझ संपायच्या आदल्या रात्री गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर लांब रांग लागते. त्यातले बरेच जण एकाच कामासाठी आलेले असतात: बोटीवरच्या आपल्या खात्यावर रोज लागलेली ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठीची टीप, काढून टाका, हे सांगायला. प्रवासाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर हा सल्ला सर्रास फिरतो. "नुसतं जाऊन सांगा, काही विचारत नाहीत, लगेच काढतात." बहुतेक ठिकाणी काढतात, हे खरं आहे. तरीही हा सल्ला चुकीचा आहे आणि तो देणाऱ्यांनी थांबावं असं मला मनापासून वाटतं. याच्या उलट टोकाची माणसंही असतात. सगळं आधी भरलेलं असताना केवळ संकोचापोटी ती प्रत्येक कॉफीला, प्रत्येक पेयाच्या पावतीवर पुन्हा टीप लिहितात. त्याचीही गरज नाही.

आधी हिशेब पाहू. अमेरिकी बाजारातल्या मोठ्या कंपन्या, म्हणजे रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन वगैरे, साध्या केबिनसाठी माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर लावतात. स्वीटला, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनला, त्याहून जास्त. १८ डॉलर धरले तर चार जणांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ५०४ डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी जवळपास ४३ हजार रुपये. मुलांचेही पैसे लागतात. कार्निव्हलवर दोन वर्षांखालच्या आणि नॉर्वेजियनवर तीन वर्षांखालच्या बाळांना सूट असते, त्यापुढे दर मोठ्यांचाच. एवढी रक्कम शेवटच्या दिवशी अचानक बिलावर दिसली की माणूस काउंटरकडे धावतो. राग समजण्यासारखा आहे. म्हणूनच ही रक्कम तिकिटाचाच भाग समजून बुकिंगच्या दिवशीच हिशेबात धरायला हवी.

हे पैसे जातात कुठे? केबिन आवरणारा स्ट्युअर्ड, मुख्य डायनिंग रूममधला वेटर आणि त्याचा असिस्टंट हे तिघं तुम्हाला दिसतात. पण ग्रॅच्युइटीच्या एकत्रित निधीतून बुफेवर ताटं उचलणारे, बऱ्याच कंपन्यांत लाँड्रीत आणि किचनमध्ये राबणारे, ज्यांचं तोंडही प्रवाशाला दिसत नाही, अशांनाही वाटा मिळतो. पूर्वी शेवटच्या रात्री प्रत्येकाला वेगळं पाकीट द्यायची रीत होती. जेवणाचं टेबल ठरलेलं आणि वेटरही तोच, म्हणून ते जमायचं. २००० साली नॉर्वेजियनने हवं तेव्हा, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये जेवायची पद्धत आणली. रोज वेगळा वेटर वाढू लागला, तर पाकीट द्यायचं कुणाला? तिथून रोजची ठरावीक रक्कम खात्यावर लावायची पद्धत पसरली.

यातल्या बहुतेक बोटींची नोंदणी आणि झेंडा बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा देशांचा असतो, त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही. लागू होतो तो २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार, जो २०१३ पासून अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्यात कामाच्या तासांची मर्यादा आहे: २४ तासांत जास्तीत जास्त १४ आणि सात दिवसांत ७२. किंवा उलट बाजूने मोजायचं तर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती. ही मर्यादा आहे, आणि हॉटेल विभागातले अनेक जण तिच्या काठावर काम करतात. नोकरीचा करार सहा ते नऊ महिन्यांचा, मधे साप्ताहिक सुट्टी नाही. अशा नोकरीत ग्रॅच्युइटी हा पगाराचाच मोठा हिस्सा असतो. या खलाशांत गोवा, वसई, कोकणातली मुलं-मुली भरपूर आहेत. गोव्यात तर तारवटींची, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांची, घरं पिढ्यान् पिढ्या अशाच कमाईवर उभी राहिली आहेत.

"पण हॉटेलातला सर्व्हिस चार्ज आपण काढायला लावतोच की," असं म्हणणारे भेटतात. भारतात तो हक्क खरोखरच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली, की रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. पुण्यामुंबईच्या रेस्टॉरंटमध्ये ही भूमिका अगदी योग्य आहे, कारण तिथे मालकावर इथले वेतनाचे कायदे बंधनकारक आहेत. मायामीहून निघालेल्या बहामाच्या झेंड्याच्या बोटीवर तो कायदाही नाही आणि ती पगाराची रचनाही नाही. इथला हक्क तिथे नेला की नुकसान कंपनीचं होत नाही, स्ट्युअर्डचं होतं.

कंपन्यांना मी सोडत नाहीये. ही रक्कम तिकिटात घालायला हवी, आणि ते जमतं हे काहींनी करून दाखवलं आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून वेगळी रक्कम बंद करून ती भाड्यात मिळवली. जर्मनीतल्या आयडा आणि माइन शिफ यांच्या भाड्यात ती असतेच. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट अशा महागड्या कंपन्यांतही. बाकीच्यांनी ती बाहेर का ठेवली आहे? कारण जाहिरातीतला आकडा लहान दिसतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून सक्तीचे आकार जाहिरातीतल्या किमतीतच दाखवायचा कायदा आला, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी बंदर शुल्क आणि कर किमतीत मिळवले. ग्रॅच्युइटी मात्र बाहेरच राहिली, कारण कागदोपत्री ती ऐच्छिक आहे. काउंटरवर ती काढून मिळते त्याचं कारण हेच. ऐच्छिक ठेवण्यात सोय कंपनीची आहे आणि जोखीम कर्मचाऱ्याची.

"मी ती रक्कम काढतो आणि रोख हातात देतो," हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो. अडचण अशी की ज्या प्रवाशाने ग्रॅच्युइटी काढली, त्याच्याकडून मिळालेली रोख टीप निधीत जमा करायचा नियम अनेक कंपन्यांत असतो. कुणी काढली याची यादी व्यवस्थापनाकडे असते. म्हणजे तुमच्या स्ट्युअर्डला तुमचे २० डॉलर जमा करावे लागतात, आणि तुमचा टॉवेल धुणाऱ्याच्या वाट्याला तुमच्या केबिनकडून काहीच येत नाही.

आता "टिप्स समाविष्ट" या शब्दांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सिंगापूर किंवा युरोपच्या ग्रुप टूरमध्ये तीन-चार रात्रींची क्रूझ जोडलेली असते. माहितीपत्रकात "टिप्स समाविष्ट" लिहिलेलं असतं, पण अनेकदा त्या टिप्स बसचा ड्रायव्हर आणि स्थानिक गाइड यांच्या असतात. क्रूझची ग्रॅच्युइटी "समाविष्ट नाही" या यादीत खालच्या ओळीत, त्या बोटीच्या चलनात, सापडते. म्हणून पैसे भरण्याआधी टूर कंपनीला सरळ विचारा: बोटीची रोजची ग्रॅच्युइटी आमच्या पैशांत आहे का, असेल तर क्रूझ कंपनीच्या इन्व्हॉइसवर "प्रीपेड ग्रॅच्युइटी" अशी ओळ आहे का? तोंडी हो चालणार नाही, ती ओळ डोळ्यांनी बघा. मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियाचं बुकिंग करतानाही भाड्याची फोड ओळ न् ओळ वाचा.

ती ओळ असेल तर त्या पानाची प्रिंट सोबत ठेवा. बोटीवर दुसऱ्या दिवशी सकाळी अॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर आपलं खातं उघडा. आधी भरलेलं असूनही रोजची रक्कम पडताना दिसली, आणि ग्रुप बुकिंगमध्ये असं होतं, तर त्याच दिवशी काउंटरवर जा. तेव्हा रांग नसते, आणि माणसं शांतपणे तपासून दुरुस्त करतात. आधी भरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मधल्या काळात दर वाढला तरी सहसा तुम्हाला जुनाच दर लागतो.

दुसऱ्यांदा टीप जाते ती पेयांच्या पावतीवर. बारमध्ये १४ डॉलरचं कॉकटेल घेतलं की त्यावर १८ टक्के, म्हणजे २.५२ डॉलर, आधीच लावलेले असतात. काही कंपन्यांत, जसं नॉर्वेजियनवर, हा दर २० टक्के आहे. पावतीवर सही करायची जागा असते आणि तिच्या वर जादा टीपेसाठी एक रिकामी ओळ. ती भरलीच पाहिजे असं काही नाही. आडवी रेघ मारा आणि खाली एकूण रक्कम स्वतः लिहा. ड्रिंक्स पॅकेज घेतलं असेल तर १८ किंवा २० टक्के पॅकेजच्या किमतीवरच लागलेले असतात. "मोफत" पॅकेजच्या ऑफर असतात तिथे विशेष लक्ष द्या: पॅकेज मोफत, पण त्याच्या मूळ किमतीवरची ग्रॅच्युइटी भरायची असते. मूळ किंमत रोजची १०० डॉलर धरली तर २० टक्क्यांनी सात दिवसांचे माणशी १४० डॉलर झाले. दारू न पिणाऱ्याने, किंवा दिवसाकाठी एखादं सरबत घेणाऱ्याने, हा मोफत माल नाकारलेलाच बरा. स्पा, सलून आणि पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटमध्येही टक्केवारी बहुधा आधीच धरलेली असते, पावती वाचली की कळतं.

मग स्वतःहून जादा द्यायचं कुणाला? माझ्या मते जिथे तुमच्यामुळे कुणाचं काम खरोखर वाढलं तिथे. चौघांच्या केबिनमध्ये वरचे दोन बंक रात्री उतरवून बिछाने घालायचे आणि सकाळी पुन्हा वर करायचे, दुप्पट टॉवेल, दुप्पट कचरा. दीड-दोन डझन केबिन सांभाळणाऱ्या स्ट्युअर्डसाठी ही जादा मेहनत आहे. सात रात्रींना २० ते ३० डॉलर देणं योग्य, तीन-चार रात्रींना १०. दुसरं, आपल्याकडचं जेवण. जैन किंवा शुद्ध शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळी नोंद करावी लागते आणि बोटीवर हेड वेटर आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा मेन्यू विचारून घेतो. कांदा-लसूण वगळून वेगळी भाजी, वेगळं भांडं, आजींसाठी कमी तिखट, हे सगळं तो आणि किचनमधला भारतीय कुक नेहमीच्या कामात बसवून करतात. आठवडाभर हे नीट झालं तर हेड वेटरला २० डॉलर द्या आणि कुकसाठी वेगळं पाकीट त्याच्या हाती द्या, वर नाव लिहून. बऱ्याच बोटींवर किड्स क्लबची मंडळी या निधीत नसतात, तेव्हा मुलं तिथे रमली असतील तर त्यांची आठवण ठेवा. रूम सर्व्हिस आणणाऱ्याला २-३ डॉलर, मात्र जिथे फेरीमागे शुल्क आणि त्यावर टक्केवारी लागते, जसं रॉयल कॅरिबियनवर, तिथे गरज नाही. कॅप्टन, ऑफिसर आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना टीप देऊ नये.

अमेरिकन बंदरात बॅगा उचलणारे पोर्टर बोटीचे नोकर नसतात. त्यांना बॅगेमागे १-२ डॉलर तिथल्या तिथे द्यावे लागतात. किनाऱ्यावरच्या सहलीतल्या गाइडचंही वेगळंच. सिंगापूर आणि जपानच्या बंदरांत मात्र टीपेची रीत नाही.

नोटांचं आधी बघा. फॉरेक्सवाला १०० आणि ५० च्या नोटा हातात ठेवतो. १, ५ आणि १० च्या नोटा आग्रहाने मागा, किंवा बोटीवर पहिल्या दोन दिवसांत काउंटरवरून सुटे करून घ्या. शेवटी त्यांच्याकडेही संपतात. नाणी देऊ नका, परदेशी नाणी त्यांना कुठेच बदलून मिळत नाहीत. रुपये फिलिपिनो किंवा इंडोनेशियन स्ट्युअर्डच्या कामाचे नाहीत. पाकीट उतरायच्या आदल्या संध्याकाळी द्या. उतरायच्या सकाळी तो पुढच्या प्रवाशांसाठी केबिन तयार करण्यात बुडालेला असतो आणि सापडत नाही.

सेवा खरोखर वाईट असेल तर? दुसऱ्याच दिवशी काउंटरवर सांगा: केबिन झाली नाही, अमुक वेटर उद्धट बोलला. स्ट्युअर्डचा सुपरवायझर त्याच दिवशी येतो, टेबल बदलून मिळतं. शेवटच्या रात्री सगळी रक्कम काढली तर एका वेटरची शिक्षा पन्नास जणांत वाटली जाते, आणि त्या वेटरला कारण कळतही नाही.

घरी आल्यावर ईमेलवर पाहणी येते. तिच्यात माणसाचं नाव आणि विभाग लिहा. बॅजवरचं नाव आणि देश बोटीवर असतानाच टिपून ठेवा. नावानिशी आलेली दाद बढतीच्या वेळी मोजली जाते. गुण देताना लक्षात ठेवा, आपण १० पैकी ८ चांगले समजून देतो, पण अनेक कंपन्या ९ आणि १० च चांगल्यात धरतात.

टूर कंपन्यांकडून माझी एकच मागणी आहे. क्रूझ असलेल्या प्रत्येक माहितीपत्रकावर, किमतीच्या बाजूलाच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा: बोटीची ग्रॅच्युइटी माणशी इतके डॉलर, इतक्या रात्री, एकूण इतके रुपये, समाविष्ट किंवा समाविष्ट नाही.