‘र’ गिळणं ही सुशिक्षितपणाची खूण नव्हे

‘कार’मधला ‘र’ न उच्चारणं हीच सुशिक्षितांच्या इंग्रजीची खूण, असा संदेश फिरतो आहे. इंग्लंडातल्या प्रतिष्ठित उच्चारांपुरतं ते खरं आहे. न्यूयॉर्कमध्ये नेमकं उलट. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर ‘र’ला मान आला. १९६२ साली भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी तिथल्या तीन दुकानांत चौथ्या मजल्यावरच्या वस्तू कुठे मिळतील, असं विचारलं. उत्तर अर्थातच ‘फोर्थ फ्लोअर’, म्हणजे दोन्ही शब्दांत ‘र’. मग नीट ऐकू न आल्यासारखं दाखवून तेच पुन्हा वदवून घेतलं. किती सुंदर युक्ती! महागड्या सॅक्समधल्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ‘र’ सर्वाधिक आढळला, मेसीजमध्ये त्याहून कमी, स्वस्त एस. क्लाइनमध्ये सर्वांत कमी. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये तर उच्चशिक्षित माणसंही सहसा ‘र’ स्पष्ट उच्चारतात.