बाँडवर लिहून दिलं म्हणजे वावर बायकोचं होत नाही

‘नवऱ्याने बाँड पेपरवर लिहून दिलं की मग वारसांना हरकत घेता येत नाही’ हे वावर बायकोच्या नावे करण्याबद्दलच्या एका लेखातलं वाक्य घात करणारं आहे. ‘माझ्यानंतर वावर बायकोचं’ हा मजकूर म्हणजे मृत्युपत्राचाच, आणि त्याला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ लागतं: लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि निदान दोन साक्षीदार. बाँडची गरजच नाही, साधा कागद चालतो. नोटरीचा गोल शिक्का आपोआप साक्षीदार ठरत नाही, घोळ नेमका इथंच होतो. साक्षीदारांच्या दोन सह्या नसल्या तर तो कागद मृत्युपत्र ठरत नाही, आणि नवऱ्यामागे समजा बायको, दोन पोरं, एक पोरगी आणि सासू (नवऱ्याची आई) असतील, तर स्वकष्टाच्या जमिनीतही पाच समान हिस्से पडतात. बायकोला एक पंचमांश. वडिलोपार्जित वावर असेल तर नवऱ्याला फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देता येतो.

सह्या असल्या तरी मृत्युपत्र तो हयातीत कधीही बदलू शकतो, हे लेखात आलंच नाही. पक्कं हवं असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच जमीन देऊन टाकण्याचा दस्त, करा. राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीत बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, बाकीचे आकार वेगळे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे सरकारी अटींवर मिळालेली जमीन, असेल तर आधी सरकारी परवानगी. आणि पटवाऱ्याने फेरफार घेतला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, ती नोंद महसुलापुरती. साक्षीदार मात्र तरणे घ्या, उद्या कोर्टात उभे राहायचे आहेत.