उपाशी माणसाला सिनेमा लागत नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन बालतारका शर्ली टेम्पलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत, नाव मात्र लिहिलं नाहीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं : १९३०च्या दशकातल्या अमेरिकेच्या महामंदीत पाच-सहा वर्षांच्या पोरीला नाचवून स्टुडिओने गल्ला भरला, ही सरळसरळ बालमजुरी. लोकांना दिलेली ती अफूची गोळी होती. मी तिच्या कुरळ्या केसांवर भाळले आणि कृष्णवर्णीय कलाकारांबद्दल अवाक्षर काढलं नाही. फॉक्स ही तिची सिनेमा कंपनी एकट्या शर्लीने तारली, हे माझं विधान अर्धवट अभ्यासाचं. आणि शेवटी हे वाक्य : "ज्यांनी उपाशी दिवस पाहिले नाहीत त्यांनाच असलं गोडगोड सुचतं, उपाशी माणसाला भाकरी लागते, सिनेमा नाही."

फॉक्सबद्दलचा मुद्दा रास्त आहे. १९३५ साली फॉक्सचं ट्वेंटिएथ सेंच्युरी या दुसऱ्या सिनेमा कंपनीशी विलीनीकरण झालं, निर्माते डॅरिल झानक कारभार बघायला आले. कंपनी सावरली त्यात त्यांचाही मोठा वाटा होता. ते वाक्य मी दुरुस्त केलंय. पण हे सांगण्यासाठी "आधी अभ्यास वाढवा, मग लेखणी उचला" असं लिहायची काही गरज नव्हती. तुम्ही माझ्याहून लहान असाल तर हे शोभत नाही आणि मोठे असाल तर मुळीच शोभत नाही.

आता ते शेवटचं वाक्य. मी उपाशी दिवस पाहिले नाहीत, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

मी लालबागची. वडील गिरणीत साचेखात्यात होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत जात होते. अडीच लाख कामगार घरी बसले, असं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. आमच्याकडे त्याचा अर्थ असा, की रात्रीच्या जेवणात आधी भाजी गेली, मग डाळ पातळ झाली, मग आई "मला भूक नाही" म्हणायला लागली. शेजारची बिऱ्हाडं एकेक करून गावाला गेली. आई दोन-चार जणांचे डबे करायची, पण डबे घेणारेही संपकरीच, पैसे देणार कुठून?

त्या वर्षीही गणपतीत गल्लीत पडदा बांधला होता. पुढे जागा मिळाली नाही म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसलो. तिथून चित्र उलटं दिसतं, नट डाव्या हाताने जेवतो, पाट्यांवरची अक्षरं उलटी. तरी कोणी उठलं नाही. आणि एकदा आईने तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे काढून आम्हा भावंडांना भारतमाता थिएटरला नेलं. वडील दारातच उभे होते. ते अडवतील असं मला वाटलं होतं. "जा घेऊन पोरांना," एवढंच म्हणाले. वाण्याची उधारी किती झाली हे आईला पैशापर्यंत तोंडपाठ होतं. सिनेमा बघून ती फिटणार नाही हेही तिला कळत होतं. तिला कोणी अफू दिली नव्हती. आपल्या पोरांनी चार तास हसावं म्हणून तिने स्वतःच्या अकलेने ते पैसे खर्च केले. तिने भाकरी आणि सिनेमा यांतलं एकच निवडायला हवं होतं, हा निवाडा तुम्ही कोण देणार?

हीच गोष्ट मी अमेरिकेबद्दल लिहिली होती, ती तुम्ही वाचलीच नाहीत. १९३३ साली तिथे दर चार कामकऱ्यांतला एक बेकार होता. अफूच म्हणायची तर अशा वेळी थिएटरं ओसंडून वाहायला हवी होती. झालं उलटंच. १९३० मध्ये आठवड्याला सुमारे नऊ कोटी तिकिटं खपत होती, ती दोन-तीन वर्षांत सहा कोटींच्या आसपास आली. पॅरामाउंटसारखी कंपनी दिवाळ्यात गेली. बायकांना खेचायला थिएटरवाले तिकिटावर कपबशा आणि ताटल्या वाटू लागले. म्हणजे हातात पैसा नसला की माणसं सिनेमा सोडूनही देत होती. मग १९३४ पासून तीच माणसं या पोरीसाठी परत तिकीट काढायला लागली, १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं थिएटरमालकांच्या कौलात तीच पहिली आली, तर तिच्यात त्यांना काहीतरी दिसलं असणार ना?

काय दिसलं तेही सांगते. १९३४ च्या 'लिटल मिस मार्कर'मध्ये बाप घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायला स्वतःच्या मुलीला बुकीकडे गहाण ठेवतो आणि पुढे जीव देतो. त्याच वर्षीच्या 'ब्राइट आइज'मध्ये तिचे वैमानिक वडील गेलेले आहेत, आई श्रीमंतांच्या घरी मोलकरीण आहे आणि ऐन नाताळात तीही गाडीखाली सापडते. त्या घरातली लाडावलेली मुलगी खेळणं म्हणून मशिनगन मागते. याला तुम्ही गोडगोड म्हणता? गहाण, आत्महत्या, मोलकरणीचं पोरकं पोर : पडद्यावर मंदीच चालली होती. फरक इतकाच, की तिथे कोणीतरी त्या पोराला उचलून घरी नेतं. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांना आपलीच मुलं कोणाकडे तरी ठेवावी लागली होती. ते दृश्य बघताना त्यांच्या घशात काय आलं असेल, हे मला कोणी शिकवायला नको.

बालमजुरीबद्दल : लेखाचा पूर्ण एक भाग त्यावर आहे. अगदी सुरुवातीच्या छोट्या विनोदी चित्रपटांच्या वेळी न ऐकणाऱ्या मुलांना बर्फाची लादी ठेवलेल्या काळ्या पेटीत बसवायचे, हे शर्लीने स्वतःच आत्मचरित्रात सांगितलंय आणि मीही ते लिहिलंय. तीस लाख डॉलरहून जास्त कमावलेल्या या मुलीच्या खात्यात मोठेपणी जेमतेम ४४ हजार निघाले, हेही लिहिलंय. जॅकी कूगन या आधीच्या बालकलाकाराने १९३८ साली आपल्या कमाईसाठी आईवर आणि सावत्र बापावर खटला भरला आणि त्यातून बालकलाकारांची कमाई राखणारा १९३९ चा कॅलिफोर्नियाचा कायदा आला, तेही आहे. त्या पोरीचे पैसे बुडाले याचा मला तुमच्याइतकाच राग आहे. पण तिच्यावर अन्याय झाला म्हणून तिला बघायला आलेली माणसं मूर्ख ठरत नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सनसोबतच्या शर्लीच्या १९३५ च्या जिन्यावरच्या नाचाबद्दल तुम्ही बरंच लिहिलंय. तो विषय एका परिच्छेदात उरकण्यासारखा नाही, म्हणून लेखात घेतला नाही. त्यावर वेगळं लिहीन. शर्लीच्या नावाने विकलेल्या बाहुल्यांच्या धंद्याबद्दल आणि तिच्यावर लिहिलं म्हणून लेखक ग्रॅहम ग्रीनवर झालेल्या खटल्याबद्दल जे लिहिलंत त्याचा माझ्या मुद्द्याशी संबंध नाही, त्यावर मी वेळ घालवत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या लेखाखालीही वाद घाला, सिनेमावर घाला, आकड्यांवर घाला. माझ्या घरात कोण किती जेवत होतं याचा हिशेब मात्र मांडू नका, आणि लिहाल तेव्हा खाली नाव लिहा.