‘आधी बिशपांना सांगा, पोलिसांचं नंतर बघू’

चर्चमधल्या कुणावर लहान मुलाच्या लैंगिक छळाचा आरोप झाला की दोन दिवसांत धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या भाविकांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. घरातली गोष्ट घरातच मिटवा. आधी फादरांच्या कानावर घाला, मग बिशपांची समिती चौकशी करील. पोलिसांत गेलात तर मुलाचीच बदनामी होईल. आणि येशूने क्षमा शिकवली आहे. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

हा सल्ला गोड भाषेत कायदा मोडायला सांगतो. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कळवलं नाही तर कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर वर्षभरापर्यंत कैद आणि दंड. समितीचा अहवाल येईपर्यंत थांबण्याची सवलत त्यात कुठेही नाही.

‘पण चर्चचे स्वतःचे नियम आहेत ना?’ आहेत, आणि ते या मजकुराच्या बाजूने नाहीत. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना (सिस्टर, ब्रदर) अशी माहिती वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं. देशाच्या कायद्याने घातलेली जबाबदारी यामुळे टळत नाही, हेही त्यातच लिहिलं आहे. समितीला काम नाही असं नाही. आरोपीला तात्काळ सेवेतून बाजूला करणं, कुटुंबाला समुपदेशक मिळवून देणं ही तिचीच कामं. गुन्हा घडला की नाही हे ठरवणं मात्र तिचं काम नव्हे.

आता ‘घरातच मिटवा’. केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या कोट्टियूरमध्ये ते कसं मिटवलं जात होतं ते बघा. अल्पवयीन मुलगी फेब्रुवारी २०१७ मध्ये बाळंत झाली. आरोपी तिथला धर्मगुरू, आणि ती शिकत होती त्या शाळेचा व्यवस्थापकही तोच. पोलीस आले तेव्हा मुलीच्या बापाने सांगितलं की हे कृत्य आपलंच आहे. स्वतःच्या लेकीवर बलात्कार केल्याचा कलंक एक बाप अंगावर घेतो, म्हणजे त्या घरावर केवढं दडपण असेल! धर्मगुरू परदेशी निघण्याच्या बेतात असताना पकडला गेला. खटल्यात मुलगी आणि आईवडील फितूर झाले, तरी डीएनए चाचणी आणि जन्मतारखेची नोंद यांवर फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती पुढे दहा वर्षांवर आणली, पण दोष कायम ठेवला. हे प्रकरण ‘घरातच’ राहिलं असतं तर तुरुंगात कोण गेलं असतं?

मुंबईतही २०१५ मध्ये एका धर्मगुरूने १३ वर्षांच्या मुलावर अत्याचार केला. घरचे चर्चच्या वरिष्ठांना भेटले, पण तिथेच न थांबता पोलिसांतही गेले. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली.

बदनामीची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेणार नाही. पण बदनामी करतं कोण? कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, तोही गणवेश नसलेल्या अधिकाऱ्याने. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. खटला बंद दाराआड चालतो. नाव, फोटो, शाळा, पत्ता छापायला बंदी आहे. मिस्सा (चर्चमधली उपासना) सुटल्यावर चर्चच्या अंगणात जी कुजबुज चालते, तिला यातलं एकही बंधन नाही. आणि तोच ग्रुप, जो ‘बदनामी नको’ म्हणतो, ‘कोणाचा मुलगा?’ हेही विचारतो.

‘प्रायश्चित्त संस्कारातली, म्हणजे फादरांपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीतली, गोष्ट फादर सांगू शकत नाहीत.’ बरं. पण एखादी आई ऑफिसात येऊन, फोनवर किंवा शाळेच्या व्हरांड्यात जे सांगते, तो प्रायश्चित्त संस्कार नव्हे.

खोट्या तक्रारींबद्दल एवढंच: मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला याच कायद्यात शिक्षा आहे, म्हणून निर्दोष धर्मगुरूलाही व्हॉट्सॲपपेक्षा न्यायालयच बरं.

राहिली क्षमा. ती द्यायची की नाही, आणि कधी, हे ज्याने सोसलं त्याने ठरवायचं. पॅरिश कौन्सिलने (धर्मग्रामाच्या मंडळाने) त्याच्या वतीने ती वाटून टाकायची नाही. तडजोडीचा कागदही कामाचा नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा असा गुन्हा मुलीच्या वडिलांशी समेट झाला म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला.

हे फक्त कॅथलिकांपुरतं समजू नका. इंग्लंडमध्ये जॉन स्माइथ नावाचा प्रोटेस्टंट वकील ख्रिस्ती शिबिरांतल्या मुलांना अमानुष मारहाण करायचा. १९८२ मध्ये चर्चमधल्या काही मंडळींना तपशिलासह कळलं, पोलिसांना कुणी सांगितलं नाही, आणि १९८४ मध्ये तो झिम्बाब्वेला गेला. तिथेही शिबिरं घेतली, तिथल्या मुलांनाही मारलं. २०१८ मध्ये तो वारला, खटल्याला सामोरा न जाताच. चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे सर्वोच्च धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना याच प्रकरणापायी नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीनाम्याची घोषणा करावी लागली.

तेव्हा तो मजकूर पुन्हा आलाच, तर पुढे पाठवण्याऐवजी त्याखाली चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर लिहा. आणि पुढच्या पॅरिश कौन्सिलमध्ये विचारा, धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेर तो नंबर आजवर का लावलेला नाही.